बाग सुरक्षित आहे, मग पावणेआठला बायका का दिसत नाहीत?

वस्तीतल्या कुठल्याही बागेत संध्याकाळी साडेसहाला उभं राहून बायका आणि मुली मोजाव्यात. पावणेआठला पुन्हा मोजाव्यात. बाग तीच, वॉचमन तोच, फाटकावरची वेळेची पाटीही तीच. सव्वा तासात बायकांचा आकडा निम्म्याखाली आला आणि पुरुषांचा तेवढा उतरला नाही, तर बागेबद्दल बरंच काही कळलं. यावर हमखास उत्तर येतं, ‘स्वयंपाकाची वेळ होते म्हणून जातात.’ ते पडताळून बघणं सोपं आहे. त्याच वेळी बाहेरच्या भाजीच्या गाड्यांपाशी किंवा देवळापाशी मोजायचं. रस्त्यावर बायका आहेत आणि बागेत नाहीत, म्हणजे त्या घरी गेलेल्या नाहीत, फक्त बागेतून निघाल्या आहेत.

‘इथे गेल्या वर्षभरात एकही गुन्हा नाही’ हे वाक्य बागेच्या प्रत्येक बैठकीत ऐकू येतं. ते खोटं नसतं, पण त्याला फारसा अर्थही नसतो. गुन्ह्यांची आकडेवारी पोलीस ठाण्याच्या हद्दीनुसार निघते, बागेनुसार नाही. दुसरं म्हणजे बागेशी जोडलेले बरेच गुन्हे बागेच्या कुंपणाबाहेर घडतात. सोनसाखळी चोराला दुचाकी आणि पळायला मोकळा रस्ता लागतो, त्यामुळे तो ट्रॅकवर येत नाही. पहाटे फिरायला निघालेल्या आजींना तो बागेकडे येणाऱ्या गल्लीत गाठतो. गाडीची डिकी उचकटून पर्स नेली जाते तीही फाटकाबाहेरच्या पार्किंगमध्ये. आत जे घडतं त्याची नोंद क्वचितच होते: मागे मागे चालणं, तीन फेऱ्या झाल्या तरी त्याच बाकावरून रोखून बघणं, जाता जाता काहीतरी पुटपुटणं, झुडपाआडून अश्लील चाळे. यासाठी पोलीस ठाण्यात जाणारी बाई विरळा. ती फक्त दुसऱ्या दिवसापासून फिरायची वेळ बदलते, आणि पुढे यायचंच बंद करते. नोंदवहीत काही उमटत नाही.

खरी माहिती हवी असेल तर माहिती अधिकारात अर्ज करावा. शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. मात्र ‘बागेतले गुन्हे किती’ असं विचारलं तर उत्तर शून्य येईल. बागेभोवतीच्या रस्त्यांची नावं लिहून, घटनास्थळ त्या रस्त्यांवर किंवा बागेत असलेले गुन्हे, प्रकार आणि वेळेसह मागावेत. ११२ वर या ठिकाणाहून किती फोन आले हेही वेगळं विचारावं.

भीती आणि गुन्हा यांचं गणित जुळत नाही, ही जगभर दिसलेली गोष्ट आहे. सर्वांत जास्त घाबरतात त्या म्हाताऱ्या बायका, आणि नोंदींत पीडित म्हणून जास्त सापडतात ते रात्री उशिरापर्यंत बाहेर असणारे तरुण पुरुष. यावरून ‘भीती अवाजवी आहे’ असा निष्कर्ष काढणारे भेटतात. माझ्या मते तो साफ चुकीचा आहे. आजी नोंदींत नाहीत कारण त्या अंधार पडायच्या आत घरी पोचतात. शिवाय धक्का एकच असला तरी पंचविशीतला मुलगा उठून कपडे झटकतो आणि सत्तरीच्या बाईचं खुब्याचं हाड मोडतं. त्या जोखीम बरोबरच मोजत असतात. फक्त मोजायची मापं वेगळी असतात.

ती मापं कोणती? बागेत शिरताना माणूस काही सेकंदांत चार गोष्टी जोखतो. पुढे कोण आहे ते दिसतंय का? मी कुणाला दिसतेय का? ओरडले तर कुणी येईल का? आणि निघायचं झालं तर कुठून? बागेतली प्रत्येक अडचण यांपैकी कशाला तरी भिडते.

फाटकांपासून सुरुवात करू, कारण सर्वांत स्वस्त दुरुस्ती तिथेच आहे. बऱ्याच बागांना तीन-चार फाटकं असतात. एक उघडं असतं आणि बाकीच्यांना साखळदंड. कारण सांगितलं जातं सुरक्षेचं: वॉचमन एकच, मग लक्ष कसं ठेवणार? परिणाम उलटा होतो. बंद फाटकाकडचा निम्मा भाग पिशवीच्या तळासारखा होतो. तिथून कुणी येत-जात नाही, म्हणून तिथे तेच बसतात ज्यांना कुणी येऊ नये असं वाटतं. बाईच्या मनात मात्र हिशोब असतो की इथे काही झालं तर दोनशे पावलं मागे पळावं लागेल. समोरासमोरची दोन फाटकं उघडी ठेवली की बागेतून जाण्याचा रस्ता तयार होतो. क्लासहून घरी जाणारी मुलं, दूध आणायला निघालेला माणूस, कामावरून परतणाऱ्या मावशी तिथून जाऊ लागतात. या येणाऱ्या-जाणाऱ्यांएवढी चांगली राखण कुठलाही कॅमेरा करत नाही. दुचाक्या आत शिरू नयेत म्हणून बसवलेली वळणावळणाची किंवा फिरती फाटकं व्हीलचेअर आणि बाबागाडीही अडवतात. त्यापेक्षा ठरावीक अंतरावर खांब रोवावेत. दोन खांबांमध्ये व्हीलचेअर जाईल एवढी, साधारण तीन फूट, जागा ठेवावी आणि दुचाकी रोखायचं काम माणसाने करावं.

कुंपणाचंही तसंच. सात फुटांची भिंत आतल्या माणसाला बाहेरच्यांच्या नजरेपासून तोडते. भिंतीआड काय चाललंय हे रस्त्यावरच्याला दिसत नाही, आणि घुसायचं असतं तो कुठेतरी विटा काढून जागा करतोच. त्याऐवजी दीड-दोन फुटांचा पाया आणि वर आरपार दिसणारी जाळी किंवा गज असावेत. याचं सर्वांत बोलकं उदाहरण दादरचं शिवाजी पार्क. १९२५ मध्ये लोकांसाठी खुल्या झालेल्या या मैदानाला उंच भिंत नाही, आहे तो कट्टा. एक किलोमीटरहून थोडा जास्त लांबीचा हा कट्टा एकाच वेळी कुंपण, बाक आणि पहारा आहे. त्यावर बसलेल्यांचं तोंड कधी मैदानाकडे, कधी रस्त्याकडे. भोवतीच्या इमारतींच्या गॅलऱ्यांतूनही मैदान दिसतं. प्रत्येक बागेला एवढी जागा नसते हे मान्य, पण कट्ट्याला फार जागा लागतही नाही.

न्यूयॉर्कच्या ब्रायंट पार्कने हाच धडा उलट्या बाजूने शिकवला. रस्त्यापेक्षा उंच चौथरा, भोवती दाट झुडपं, मोजकी प्रवेशद्वारं. १९७० च्या दशकात ते अमली पदार्थ विकणाऱ्यांचं ठिकाण झालं होतं. १९८८ मध्ये बंद करून बदल सुरू झाले. झुडपं काढली, प्रवेश रुंद केले, वाटेल तिथे ओढून बसता येईल अशा सुट्या खुर्च्या ठेवल्या, खाण्याचे स्टॉल आणले. १९९२ मध्ये बाग पुन्हा उघडली आणि दुपारी डबा घेऊन येणाऱ्यांनी भरून गेली. त्या बदलामागच्या अभ्यासकांनी पकडलेली खूण तीच, जिने हा लेख सुरू झाला: एखाद्या जागेत बायकांचं प्रमाण कमी असेल तर तिथे काहीतरी बिघडलंय.

झुडपांचा साधा नियम असा: वाटेलगतची झुडपं अडीच फुटांपेक्षा खाली आणि झाडांच्या फांद्या सात फुटांच्या वर. मधली पट्टी नजरेसाठी मोकळी. आपल्याकडे हा नियम पावसाळा मोडतो. मेंदी, ड्युरांटा, बोगनवेल जूनमध्ये गुडघ्याएवढी असतात, सप्टेंबरात डोक्यावर जातात. छाटणीचं काम वर्षातून एकदाच उन्हाळ्यात झालं तर ते पावसात वाहून गेलं समजा. ऑगस्टअखेर आणि ऑक्टोबरात अशी दोनदा छाटणी मागावी. कुंपणाची झुडपं माळ्याने कापली तर चालतं, पण झाडाची फांदी तोडायला महाराष्ट्राच्या १९७५ च्या वृक्ष कायद्याखाली पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. दिव्याच्या तोंडावर आलेली फांदी महिनोन् महिने तशीच राहते ती यामुळे. विद्युत विभाग म्हणतो उद्यानाचं काम, उद्यान विभाग म्हणतो परवानगी यायची आहे. परवानगीचा अर्ज मे महिन्यातच टाकून ठेवावा.

आता दिवे. इथे सर्वांत जास्त पैसा खर्च होतो आणि सर्वांत जास्त चुकाही इथेच होतात.

पहिली चूक वेळेची. मुंबईत डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जूनअखेर सव्वासातनंतर. दिव्यांचा टायमर उन्हाळ्यात सातला लावला आणि तसाच राहिला, तर थंडीत साडेसहा ते सात हा अर्धा तास बाग काळोखात असते, आणि नेमकी तीच मुलं खेळायची, आजी-आजोबांची फिरायची वेळ. सकाळीही तेच. जानेवारीत सूर्योदय सातनंतर होतो, फिरायला येणारे साडेपाचपासून येतात आणि दिवे सहाला विझतात. ‘दिवे आहेत पण लागत नाहीत’ या तक्रारीचं मूळ अनेकदा खांबावर नसून टायमरच्या पेटीत असतं. तारखेप्रमाणे सूर्यास्ताची वेळ स्वतः धरणारा टायमर मिळतो, तो मागावा. निदान दर दोन महिन्यांनी वेळ बदलायची जबाबदारी कुणाची, ते कागदावर तरी असावं.

दुसरी चूक जागेची. पायवाटेवर सरासरी ५ ते १० लक्स (उजेड मोजायचं एकक) उजेड पुरतो. चार मीटरच्या खांबांना साधारण बारा ते पंधरा मीटरचं अंतर ठीक. सरासरीपेक्षा महत्त्वाचा आहे सारखेपणा: सर्वांत अंधाऱ्या जागीही सरासरीच्या पावपट तरी उजेड हवा. एका खांबाखाली लख्ख आणि पुढे दहा पावलं काळोख अशी वाट कमी पण सारख्या उजेडाच्या वाटेपेक्षा जास्त घाबरवते, कारण लख्ख उजेडातून आलेल्या डोळ्यांना काळोख आणखी गडद वाटतो. मोबाईलवरचं लक्स मोजणारं ॲप अंदाजापुरतं चालतं. मोबाईल जमिनीवर आडवा ठेवून दर पाच पावलांनी आकडा लिहावा. त्याहून सोपी चाचणी चेहऱ्याची. दोघांनी दहा मीटरवर समोरासमोर उभं राहायचं. समोरच्याचा चेहरा ओळखू येत नसेल, तो हसतोय की रागावलाय हे कळत नसेल, तर उजेड अपुरा.

तिसरी चूक दिव्याच्या प्रकाराची. शोभेचे गोल पांढरे दिवे बराच उजेड आभाळाकडे फेकतात आणि उरलेला डोळ्यांत. जुन्या पिवळ्या सोडियम दिव्यांखाली रंग कळत नाहीत. पाठलाग करणाऱ्याचा शर्ट निळा होता की हिरवा, हे सांगता येत नाही. वरून झाकलेला, खाली उजेड टाकणारा, ३००० केल्विनच्या (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगछटेचं माप) आसपासचा उबदार, पिवळसर एलईडी दिवा बागेला आणि बागेतल्या पाखरांनाही मानवतो.

चौथी चूक लोकांना पटवणं सगळ्यांत अवघड जातं. प्रत्येक वाटेवर दिवा लावू नये. दाट झाडीतून जाणारी, दुसरीकडे न निघणारी आडवाट उजळली, तर ‘इथून जायला हरकत नाही’ असं आपणच सांगत असतो. आत शिरलेली मुलगी सगळ्यांना दिसते, तिला मात्र झाडीत उभं असलेलं कोणी दिसत नाही. अशी वाट सूर्यास्तानंतर बंद करावी, आणि फाटक ते फाटक जाणारी मुख्य वाट, खेळायची जागा, बाकं आणि स्वच्छतागृह एवढंच नीट उजळावं.

स्वच्छतागृह बहुतेक बागांत मागच्या कोपऱ्यात असतं, पंपाच्या खोलीपलीकडे. दाराला एकतर बाहेरून कुलूप असतं, नाहीतर आतून कडी नसते. तिथे जावं लागू नये म्हणून पाणी न पिता फिरणाऱ्या बायका आहेत, आणि मधुमेह असलेल्या ज्येष्ठांचं तर येणंच त्यावर ठरतं. नवीन बांधायचं असेल तर ते फाटकाजवळ, वॉचमनच्या खोलीसमोर, बायकांचं आणि पुरुषांचं दार वेगवेगळ्या बाजूला. जुनं हलवता येत नसेल तर त्याच्यासमोर ओपन जिमचं साहित्य किंवा दोन बाकं आणावीत. तेवढ्यानेही वर्दळ होते.

वॉचमनचं बोलायचं तर, खुर्चीत बसलेला वॉचमन फाटक राखतो, बाग नाही. दर तासाला एक फेरी, ठरावीक चार ठिकाणी सही, आणि फेरीची वेळ रोज थोडी पुढेमागे, एवढं ठेक्याच्या अटींत लिहून घेता येतं. बाईमाणसाला काही सांगायचं असेल तर महिला सुरक्षारक्षक हवी, निदान संध्याकाळच्या पाळीला. आणि ज्याला बारा-बारा तास उभं केलंय, ज्याचा पगार दोन महिने थकलाय, त्याच्याकडून दारू पिऊन बसलेल्या पाचजणांना हटकायची अपेक्षा करणं अन्याय आहे. त्याला कुणाला फोन करायचा आणि किती मिनिटांत कोण येईल, हे माहीत असायला हवं.

कॅमेऱ्यांवर माझा फारसा विश्वास नाही. घटना घडून गेल्यावर तपासाला ते उपयोगी पडतात. पण ‘ओरडले तर कोण येईल’ या प्रश्नाला कॅमेरा उत्तर देत नाही. पैसे थोडे असतील तर आधी फाटकं, छाटणी, दिवे, स्वच्छतागृह. कॅमेरा त्यानंतर.

आता माणसांकडे येऊ, कारण भीती शेवटी माणसांचीच असते. दारूच्या बाटल्या, गुटख्याच्या पिचकाऱ्या, महिनोन् महिने मोडलेला झोपाळा, हे सगळं एकच सांगतं की इथे कुणाचं लक्ष नाही. त्यामुळे झोपाळा आठवड्यात दुरुस्त होणं हा सुरक्षेचाही विषय आहे. गर्दुल्ले आणि कट्ट्यावर उशिरापर्यंत बसणारी कॉलेजची मुलं यांना मात्र एकाच यादीत टाकू नये. दुपारी सावलीत पडलेला बांधकाम मजूर, बाकावर बसलेलं जोडपं, तृतीयपंथी व्यक्ती यांना बघून कुणाला अस्वस्थ वाटतं, पण त्यांनी कुणाला काही केलेलं नसतं. जोडप्यांना हाकलायला बाकं काढली की त्याच बाकांवर बसणाऱ्या आजी येत नाहीत. दुपारी बाग बंद ठेवली की चारला उघडल्यावर ती रिकामीच असते आणि पहिल्यांदा आत शिरणाऱ्या बाईला रिकामपणाच भेटतो. जोडप्यांना ‘पोलिसात देतो’ म्हणत पैसे उकळणारे भामटे मात्र खरे गुन्हेगार आहेत, आणि त्यांचा बंदोबस्त मागायला कुणी पुढे येत नाही.

मुलींच्या बाबतीत व्हिएन्ना शहराने एक चांगली गोष्ट शोधली. १९९० च्या दशकात तिथे दिसलं की साधारण नऊ-दहा वर्षांनंतर मुली बागेतून नाहीशा होतात. एकच दार असलेल्या जाळीबंद मैदानात मोठे मुलगे चेंडू खेळत, आणि दारातून आत जायचं म्हणजे त्यांच्यामधून जायचं. शहराने मैदानांना जास्त दारं केली, मोठी जागा छोट्या तुकड्यांत वाटली, व्हॉलीबॉल-बॅडमिंटनची सोय केली. मुली परत आल्या. आपल्या बागांत ती जागा क्रिकेटने घेतलेली असते. संध्याकाळचा एक तास किंवा एक कोपरा रिंग, फुटबॉल, बॅडमिंटन, लंगडीला राखून बघावा.

आता प्रत्यक्ष पाहणी कशी करायची ते. बायकांनी स्वतः फिरून जागा तपासायची पद्धत १९८९ मध्ये टोरोंटोत तयार झाली. आपल्याकडे दिल्लीत ती बरीच वापरली गेली, आणि २०१३ मध्ये आलेल्या सेफ्टीपिन ॲपने उजेड, मोकळेपणा, नजर, माणसं, पायवाट अशा निकषांवर गुण द्यायची सोय केली. ॲप नसलं तरी चालतं. सहा ते आठ जण पुरतात: एक शाळकरी मुलगी, एक ज्येष्ठ, काठी किंवा व्हीलचेअर वापरणारी एक व्यक्ती, बागेत झाडू मारणाऱ्या ताई आणि जमलं तर वॉचमन. झाडूवाल्या ताईंना वगळू नका. पहाटे बाटल्या कुठे सापडतात, हे फक्त त्यांना ठाऊक असतं. बागेचा हाताने काढलेला नकाशा मोठ्या कागदावर घ्यायचा. एक फेरी उजेडात, एक सूर्यास्तानंतर तासाभराने. मध्ये बोलायचं नाही. जिथे पाय आपोआप भराभर पडतात तिथे लाल ठिपका, जिथे थांबावंसं वाटतं तिथे हिरवा. शेवटी कागद शेजारी शेजारी ठेवायचे. जिथे चार जणांचे लाल ठिपके एकत्र येतात, ती पहिली जागा.

लोकांना विचारताना ‘सुरक्षित वाटतं का?’ असं विचारू नये. सगळे ‘हो’ म्हणतात. ‘गेल्या महिन्यात बागेचा कुठला भाग टाळलात?’, ‘मुलीला एकटीला किती वाजेपर्यंत सोडता?’, ‘येताना कुठल्या गल्लीतून येत नाही?’ असे प्रश्न उत्तरं देतात. आणि फक्त बागेत विचारून भागत नाही, कारण तिथे भेटतात ते न घाबरणारेच. घाबरून न येणाऱ्या बायका सोसायटीच्या आवारात, पिठाच्या गिरणीवर, शाळेच्या फाटकापाशी भेटतील.

तक्रार करताना एका अर्जात एकच काम असावं. दिवा असेल तर खांबाचा क्रमांक, फोटोवर तारीख-वेळ, फोटोत कुणाचा चेहरा नको. दिवा विद्युत विभागाकडे, छाटणी उद्यानाकडे, भिंत-फाटक स्थापत्याकडे, कचरा घनकचऱ्याकडे, पहाटेची गस्त पोलीस ठाण्याकडे. दहा मागण्यांचा एकच अर्ज पाच टेबलांवर फिरतो आणि एकाही टेबलावर थांबत नाही. काम झाल्यावर त्याच वाराला, त्याच वेळेला पुन्हा बायका मोजाव्यात. पाऊस किंवा परीक्षेचे दिवस असतील तर तो आकडा धरू नये.

तोवर रोज जाणाऱ्यांसाठी थोडं. पर्स डिकीत ठेवायची असेल तर घरूनच ठेवून निघा, बागेबाहेर डिकी उघडू नका. पहाटे मंगळसूत्र आत घ्या किंवा घरी ठेवा, आणि रस्त्यावरून चालताना येणारी वाहनं समोर दिसतील अशा बाजूने चाला. दोन्ही कानांत इयरफोन नकोत. कुणी मागे येतंय असं वाटलं तर बागेच्या आत वळू नका, माणसं आहेत त्या फाटकाकडे जा आणि ११२ लावा. पाठलाग भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली येतो, अश्लील शेरे आणि लैंगिक छळ ७५ खाली, अब्रूला धक्का देणारे शब्द-हावभाव ७९ खाली, हिसकावून नेणं ३०४ खाली. हद्द कुणाची हा वाद पोलिसांनी आपापसांत मिटवायचा. कुठल्याही ठाण्यात, हद्द त्यांची नसली तरी, शून्य क्रमांकाने (झिरो एफआयआर) गुन्हा नोंदवता येतो, ७५, ७८ आणि ७९ खालची तक्रार पीडित महिलेकडून महिला अधिकाऱ्याने लिहून घ्यायची असते आणि प्रत मोफत मिळते. जबाब देताना बागेचं नाव, वाटेवरचा नेमका खांब आणि वेळ लिहून घ्यायला सांगा, म्हणजे पुढच्या वेळी कुणी माहिती अधिकारात विचारलं तर उत्तर शून्य येणार नाही.